एका आकड्याची दुरुस्ती

कोणतंही काम हाती घेण्यापूर्वी हत्यार नीट परजून घ्यावं, यावर जगातल्या सर्व थोर माणसांचं एकमत आहे. काम न करणाऱ्यांचंही आहे.

शिवणक्लासवाल्या बाईंचे यजमान या मताचे कट्टर पुरस्कर्ते. (यजमानांचं प्रस्तुत लेखकाशी नातं काय, हे कृपया विचारू नये.) क्लासचं वेबपान त्यांनीच बनवलं होतं आणि त्यावरच्या फोन नंबरचा शेवटचा आकडाही त्यांनीच चुकवला होता. त्यामुळे नव्या बॅचसाठी येणारे सगळे फोन एका पंक्चरवाल्याला जात होते. महिनाअखेर आठ जणी जमल्या नाहीत, तर क्लास बंद करावा लागणार होता.

"अहो, तो एक आकडा तेवढा बदला," बाई काकुळतीने म्हणाल्या.

यजमान तत्काळ बसले. ब्राउझरमध्ये 'पान संपादित करा' दाबलं, तर मजकूर लिहिण्या-बदलण्याचा एक पांढराफटक, ओकाबोका प्रोग्राम उघडला. ब्राउझरने हा आपल्याला न विचारता नेमला, हे यजमानांच्या मनाला फार लागलं. त्याच्या जागी आपल्या पसंतीचा नेमल्याशिवाय आकड्याला हात लावणं त्यांना प्रशस्त वाटेना.

मग रीतसर निवड सुरू झाली. नऊ उमेदवार आले. दोघे भडक रंगांमुळे बाद झाले, तिघे उघडायला वेळ लावतात म्हणून, आणि एक, सर्व बाबतींत लायक असूनही, त्याचं चिन्ह बेडकासारखं दिसतं म्हणून. निवडलेला प्रोग्राम ब्राउझरच्या यादीत येईना, तेव्हा यजमानांनी संगणकाच्या आतल्या नोंदींत हात घातला. प्रिंटर कायमचा बंद पडला. (प्रगतीत असं चालायचंच.) पार्श्वभूमीची हिरवी छटा ठरवायला दीड दिवस गेला. अकरा दिवसांत तयारी सत्त्याण्णव टक्के पूर्ण झाली होती.

"झालं का हो?" बाईंनी बाराव्या दिवशी विचारलं.

"झालंच! ओळींचे क्रमांक तेवढे डावीकडे घेतो."

इतक्यात दारात पंक्चरवाला उभा राहिला. हात काळे, हातात वहीचं पान.

"ताई, तुमचे फोन माझ्याकडे येतात. पत्ता त्या वेबपानावरच मिळाला. म्हटलं, बिचाऱ्यांची नावं-नंबर तरी लिहून ठेवावेत."

चौदा नावं होती. बाईंचे डोळे भरून आले. यजमानांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. "आत्ता बदलतो आकडा," ते म्हणाले.

"राहू द्या आता तोच नंबर," बाई म्हणाल्या. "हे दादा न सांगता काम करतात."

वाचकांना यजमानांचं हसू आलं असेल, तर खुशाल हसावं. फक्त आज घरच्यांनी सांगितलेलं ते पाच मिनिटांचं काम बाजूला ठेवून आधी हे वाचायला घ्या, असं कोणी सांगितलं होतं?