वरून तं सारेच पांढरे

वानखडेकाकांपुढे पोह्यांची बशी ठेवली, की ते आधी चमच्याने तळ उकरून बघतात. एवढा अविश्वास माझ्या सासूबाईंनीही कधी दाखवला नाही. काकांनी नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर कापूस पारखला. गाडीत कोपरापर्यंत हात घालून खालचा माल उपसायचे. "वरून तं सारेच पांढरे असतात," हे त्यांचं पालुपद. त्यात दूधवाला, जावई आणि शेजारीण म्हणून मी, सगळे आले.

काकूंना कंपवात झाला. त्यात मन असं खचलं, की त्या भिंतीकडे तोंड करून बसून राहत. कोण आलं, कोण गेलं, कशाचं काही नाही. गोळ्यांनीही उभारी येईना, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी चुंबकाचं यंत्र सुचवलं. चिरफाड नाही, भूल नाही. डोक्याशी तारेची गुंडाळी धरायची, टकटक आवाज होतो, बस.

"पह्यले मले लावा," काका अडून बसले.

डॉक्टरांनी हसत गुंडाळी त्यांच्या हाताशी धरली. बोटं आपोआप उडाली. मी सोबत होते. घरी येईपर्यंत काका स्वतःच्या बोटांकडेच संशयाने बघत होते.

तरी रोज नेलं त्यांनी, कधी रेल्वेने, कधी एसटीने. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, फरक आहे. काकूही "बरं वाटते" म्हणू लागल्या. पण कंपवाताने त्यांचा चेहरा ताठरलेला, त्यावरून काही कळेना. एका दुपारी काका माझ्याकडे आले.

"बेटा, काकू माह्यासाठी बरं असल्याचं सोंग करून राह्यली. मी बाहेर थांबतो. मी नसलो की कशी राह्यते, तू जाऊन पाह्य."

हेरगिरी मला शोभत नाही, पण गेले. काकूंनी मला जवळ ओढलं आणि बारीक आवाजात विचारलं, "यायनं दार लोटलं काय? एक सांग मले. माह्यासमोर लय हासतात हे. बाहेर जाऊन रडतात काय? जेवतात काय बरोबर? मले यायच्या हासन्याचा भरोसा नाही."

बाहेर काका चपला हातात घेऊन ओट्यावर बसले होते.

"काय म्हने?"

"तुम्ही जेवता का, विचारतात. आणि तुमच्या हसण्यावर त्यांचा बिलकुल भरोसा नाही."

काकांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ओंजळीत तोंड घालून हमसाहमशी रडले. मलाही आवरेना.

आतून काकूंची हाक आली, "कोन रडून राह्यलं तिकडं?"

"कोनी नाही वं!" काका घाईघाईने डोळे पुसत ओरडले.

काकूंना ते मुळीच पटलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.