सत्कारमूर्ती अमरनाथ यांचं गायन

कलावंताची थोरवी त्याच्या कलेवरून ठरवणं धोक्याचं असतं. त्यापेक्षा त्याच्या घरातल्या शाली मोजाव्यात. मुरुमच्या अमरनाथच्या घरी एकसष्ट शाली आहेत (पैकी दोन अंगावर घेण्याजोग्या).

अमरनाथ पॉप-रॉक गायक. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटारही त्याचीच. त्याचं एक गाणं मोबाइलवर नऊ लाख लोकांनी पाहिलं आणि जिल्ह्याला अभिमान वाटू लागला. अभिमान वाटला की सत्कार करावाच लागतो. लोहाऱ्यात झाला. सोनारीत एकाच दिवशी दोनदा झाला (पहिल्या वेळी प्रमुख पाहुणे पोचले नव्हते). सगळीकडे फेटा, शाल, नारळ, मग दोन तास भाषणं आणि पत्रिकेतला शेवटचा विषय, म्हणजे गायन, वेळेअभावी रद्द. यात आयोजकांचा दोष नाही. भाषण सगळ्यांना येतं, गाणं एकट्यालाच येतं. लोकशाहीत बहुमताला मान द्यावा लागतो.

मुरुमच्या सत्काराला मात्र त्याची आई महानंदा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं लेकाला स्टेजवर गाताना एकदाही ऐकलं नव्हतं आणि अमरनाथला ते फार लागत होतं. आठव्या भाषणानंतर ती उठून म्हणाली, "नारळ लई झाले. माझं लेकरू गातंय कवा?"

तिचाही सत्कार करण्यात आला.

मग निवेदकानं सांगितलं, वेळेअभावी सत्कारमूर्तींनी सत्काराला थोडक्यात उत्तर द्यावं. अमरनाथनं हातातला नारळ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला, गिटार उचलली आणि उत्तर म्हणून गाणंच सुरू केलं.

नारळाच्या वजनानं अध्यक्षांना जाग आली. कार्यक्रमाच्या शेवटी गाणं म्हणजे राष्ट्रगीत, हा चाळीस वर्षांचा अनुभव. ते ताडकन सावधान उभे राहिले. अध्यक्ष उभे म्हणून व्यासपीठ उभं, व्यासपीठ उभं म्हणून मांडव उभा. साडेचार मिनिटं कुणी मान हलवली नाही. एका पायानं ठेका धरला होता, तो शेजाऱ्यानं दाबून ठेवला (पाय मुख्याध्यापकांचा होता). गाणं संपताच "भारत माता की जय" झालं आणि मांडव रिकामा झाला.

महानंदा तेवढी बसून होती, पदरानं डोळे पुसत. अमरनाथला एकसष्ट शालींत मिळालं नव्हतं ते तेव्हा मिळालं.

दुसऱ्या दिवशी पेपरात सत्कार करणाऱ्या सगळ्यांची नावं आली. गाणं कशावर होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तुम्हीही इथवर कौतुकानं वाचत आलात. तुम्ही तरी कुठं विचारलंत?