अडकलेल्यांचा पास्टर

आमच्या पालममध्ये दाढीला बसलेला माणूस आरशात आधी स्वतःचं तोंड बघत नाही, मागचा रस्ता बघतो. रस्त्यावर पांढरा शर्ट, काखेत काळं बायबल आणि पायात रबरी चप्पल दिसली, की तो दिगंबर न्हाव्याला म्हणतो, "थांब रे जरा, फेस लावू नको." कारण एकदा गालाला फेस लागला, की तुम्ही पास्टर शमुवेल साळव्यांचे झालात.

पास्टर शमुवेल हे ख्रिस्ती सुवार्तिक. येशूची गोष्ट लोकांना सांगत फिरणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पण त्यांची रीत जगावेगळी. मोकळ्या माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. त्यांना लागतो अडकलेला माणूस.

"सर, योना संदेष्टा जहाजावर व्हता तवर ऐकला का देवाचं?" ते मला समजावून सांगतात. "न्हाई ऐकला. माशाच्या पोटात गेला, मग ऐकला. मोकळ्या मानसाला कुटं फुरसत हाय? अडकला की कान उघडतेत."

मी इथल्या शाळेत मास्तर, आणि पास्टरांची आणि माझी भिंत एकच. आमचं घराणं आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. तेव्हा मला आता आणखी कुठं जायचं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तुमाला कुटं जा म्हनायलोय? बसा इत्मिनानानं, थोडक्यात सांगतो," म्हणून ते जे बसले, ते आमची भाकरी वाळेपर्यंत. "थोडक्यात सांगतो" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते ऐकलं की समजूतदार माणसानं पुढची बस सोडून द्यावी.

उसाचा हंगाम सुरू झाला की पास्टर गंगाखेडच्या बाजूला साखर कारखान्यावर जातात. तिथं वजनकाट्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. ड्रायव्हरला ना पुढं सरकता येतं ना मागं. पास्टर थर्मासमध्ये चहा घेऊन रांगेच्या शेपटीपासून सुरुवात करतात. मी विचारलं, पुढून का नाही? तर म्हणाले, "पुढचा आत्ता सुटंल की वो. मागचा लय येळ अडकलाय." अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी अडला की पास्टर त्याचे कान धरतात.

एकदा आमची एसटी भर उन्हात पंक्चर झाली. सगळे शिव्या देत बाभळीखाली उतरले. पास्टरांचा चेहरा मात्र असा फुलला, की कंडक्टर म्हणाला, "पास्टर, खरं सांगा, खिळा तुमीच टाकला न्हाई ना?" आणि एकदा तर त्यांनी खांबावर चढलेल्या लाइनमनला गाठलं. "तू आमच्यापेक्षा देवाच्या जवळ हायस, थोडक्यात सांगतो," असं खालून सुरू झालं. गल्लीची लाइट आज येणारच नाही, अशी धमकी त्यानं वरून दिली, तेव्हा बायकांनी पास्टरांना समजावून घरी नेलं.

एवढं करून त्यांच्या सांगण्यानं कुणी ख्रिस्ती झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यांनीही कधी कुणाला तसा आग्रह केला नाही. "पेरायचं मपलं काम, उगवायचं त्याचं," म्हणतात आणि पुढचा अडकलेला शोधतात.

घरी मात्र त्यांच्याकडं कुणी फिरकत नसे. पुढच्या खोलीत रविवारची उपासना होते, तिला जुनी चार माणसं येतात आणि आमेन म्हणून एसटी गाठतात. मार्थाबाई, म्हणजे पास्टरांच्या मंडळी, होत्या तेव्हा घराची ओसरी भरलेली असायची. गल्लीतल्या बायका पास्टर बाहेर गेल्याची खात्री करूनच यायच्या, ही गोष्ट वेगळी. मार्थाबाई वारल्या आणि उंबरा ओस पडला. "मी साऱ्या जगाच्या दारात जातो सर," एकदा ते म्हणाले. "मपल्या दारात आपन होऊन कुनी यावं, येवढंच वाटतंय बगा." पण त्यांच्या दारात आपण होऊन जाणं म्हणजे वाघाच्या गुहेत जाऊन त्याला जेवण झालं का म्हणून विचारणं.

तर गेल्या उन्हाळ्यात गंमत झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला सखाराम मेंढ्या पाळतो. तो मेंढी कातरायला बसला होता. मेंढी गुडघ्यात धरलेली, हातात कातर, म्हणजे उठायची सोय नाही. पास्टरांनी संधी साधली. "थोडक्यात सांगतो," म्हणून ते समोर उभे राहिले आणि हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत सुरू केला. सखाराम अडकलेला होता, मेंढी अडकलेली होती, पण एडका मोकळा होता. त्याला दृष्टांत लांबल्यासारखा वाटला असावा. त्यानं मागून अशी धडक दिली की पास्टर दगडी कट्ट्यावर आपटले. पाय मोडला. गंगाखेडला नेऊन मांडीपर्यंत प्लास्टर घालून आणलं.

ही बातमी गावात पसरली आणि लोकांच्या लक्षात आलं, की पास्टर अडकलेत!

पहिला सखाराम आला. शरमेनं शेळीचं दूध घेऊन आला, आणि खंडोबाच्या साऱ्या कथा सांगून उठला. दिगंबर घरी येऊन दाढी करू लागला. पास्टरांच्या गालाला फेस फासून त्यानं मेव्हण्याच्या बांधाचं भांडण पहिल्या दिवसापासून ऐकवलं. मधे पास्टर काही बोलायला गेले, तर म्हणाला, "हलू नका, वस्तरा लागंल." कंडक्टर ड्यूटी संपली की येऊन बसे आणि वरच्या साहेबांविषयी बोले. लाइनमनसुद्धा आला. मला वाटलं होतं, पास्टर बेजार होतील. कसले बेजार! उशीला टेकून माना डोलवत, "मग? मग पुढं?" असं विचारत होते.

मग मीही सूड उगवायचा ठरवला. खुर्ची ओढून म्हटलं, "पास्टर, बुद्धाचं चरित्र थोडक्यात सांगतो." त्यांनी हात जोडून "सांगा" म्हटलं. मी गृहत्यागापर्यंत आलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"बायकोला झोपंत टाकून गेले म्हनतेत ना?"

"आम्ही तसं मानत नाही," मी म्हणालो. "यशोधरेला सांगून गेले."

"अन् ती जा म्हनली?"

"म्हणाली."

त्यांची नजर भिंतीवरच्या मार्थाबाईंच्या फोटोकडं गेली. "मपली बी जा म्हनायची," ते म्हणाले. "रोज म्हनायची. घरी ऱ्हा, असं कदी म्हनलीच न्हाई." पुढचं चरित्र मला त्या दिवशी सांगवेना.

प्लास्टर काढायचे दिवस आले आणि पास्टर टाळाटाळ करू लागले. कधी खोकला, कधी ऊन, कधी रविवार. मी जीप ठरवली, तर म्हणे आज पोट बरं नाही. शेवटी मी चिडलो. "पास्टर, पाय काय संग्रहालयात ठेवायचाय का?"

"सर, हे निगालं की संपलं."

"काय संपलं?"

"मानसं यायचं संपलं." त्यांनी प्लास्टरवर हात ठेवला. "आता मी अडकलोय म्हनून येतेत सगळे. मला म्हाईत हाय की. मोकळा झालो की मला बघून लोक गल्ली बदलतेत, ते बी म्हाईत हाय. कामून येतील मग?"

मला खरंच वाईट वाटलं. एवढी वर्षं आपण चुकवतो हे या माणसाला कळतच नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांना धरून जीपमध्ये बसवलं आणि प्लास्टर काढून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर पडले नाहीत. पांढरा शर्ट घालून ओसरीवर बसून राहिले. ताडकळसचा बाजार होता, अर्धी गल्ली तिकडं गेलेली. सखाराम मेंढ्या घेऊन समोरून गेला, त्यानं दुरूनच हात केला. दिगंबरचं दुकान गजबजलेलं. आमची ही खिडकीतून बघत होती. "काय बघायलात?" ती मला म्हणाली. "जावा की."

मी गेलो. चपला काढल्या आणि ओसरीवर बसलो. आता "थोडक्यात सांगतो" येणार म्हणून मी तयारीतच होतो.

"काई काम व्हतं का सर?"

"नाही."

"शाळंला सुट्टी हाय?"

"दुपारची आहे शाळा."

"मग?"

"असाच आलो."

पास्टर माझ्याकडं बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. अख्खा जिल्हा ज्यांच्या बोलण्यानं जेरीस आलेला, त्या माणसाला काय बोलावं तेच सुचेना. मग एकदम उठले, "च्या ठिवतो," म्हणाले आणि भिंतीला धरत, लंगडत आत गेले. स्टोव्हचा आवाज आला. कपबशा वाजल्या.

"सर, हायत न्हवं?" आतून हाक आली.

"आहे, आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, जरा घाईनं, "सर?"

"आहे हो पास्टर," मी म्हणालो, आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसलो.