शेपटीवर बसलेल्या विमानाची कैफियत

प्लॅस्टिकचे पंख कातरणारे, सोल्युशनने बोटे चिकटवून घेणारे आणि घरच्यांची बोलणी खाऊन विमाने जोडणारे जे कोणी सज्जन असतील, त्या समस्तांस विदित व्हावे. दोन इंजिनांचे, काचेच्या नाकाचे बाँबफेकी विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे, सुट्या भागांच्या संचात घालून बाजारात उतरविण्याची जी मोहीम ताईसाहेबांनी केली, तीत कैसे संकट गुदरले, कोणी कच खाल्ली, कोणी शर्थ केली आणि अखेर काय निकाल लागला, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातलेले नाही. घालावयास पदरी फारसे नव्हतेही.

ऐसीयास, ताईसाहेबांचे घराणे मूळचे साबणदाणीचे. तीर्थरूपांनी एक मोल्डिंग मशीन उभे करून साबणदाण्यांची दौलत संपादिली आणि तमाम मुलखातील न्हाणीघरांत आपला अंमल बसविला. ते निवर्तल्यावर गादी ताईसाहेबांकडे आली. ताईसाहेब मोठ्या हिकमती, हाताच्या हलक्या, जिभेच्या तिखट. आणि त्यांस साबणदाणीचा मनापासून तिटकारा. खाली भोके पाडावी आणि पाणी वाहून जावे, यापलीकडे त्या वस्तूत शास्त्र ते काय! म्हणून त्यांनी विमानाची डाय, म्हणजे ओतकामाचा साचा, करविली, ती ऐसी की पंखावरचा एकेक रिव्हेट उमटावा आणि काचेच्या नाकातून आतली खुर्ची, दांडा, घड्याळे, सारे स्वच्छ दिसावे. मग साबणदाणीची डाय उतरवून विमानाची मशीनवर चढविली, तेव्हा कारखान्यात मोठी गर्जना जाहली. ती मशीनचा पट्टा तुटल्याची होती.

ताईसाहेबांचे धाकटे बंधू भाऊसाहेब, मशीनचे सरनोबत. त्यांस ही मोहीम पहिल्यापासून मान्य नव्हती. त्यांनी पट्टा जोडता जोडता अर्ज गुजारला, "ताई, माणूस विमानावाचून जगतो. आंघोळीवाचून जगेल का?"

ताईसाहेबांनी त्यांजकडे आपादमस्तक पाहिले. "तुझ्याकडे बघून वाटतं, जगेल."

अर्ज निकालात निघाला.

आता मुलखातील मातब्बर ठोक व्यापारी, ज्यांच्या दुकानांत खेळण्यांची कपाटे छतापर्यंत गेलेली, त्यांनी हुकूम फर्मावला तो येणेप्रमाणे: छंदांचे प्रदर्शन भरते आहे, तेथे जोडलेले विमान आपल्या चाकांवर उभे दाखवावे. आमच्या कपाटात विमान चाकांवरच ठेवतात, खाली ठोकळा लावत नाहीत. नीट उभे राहिले तर सगळा माल उचलू. न राहिले तर विमानाचे नाव काढू नये आणि साबणदाणीची डाय मुकाट्याने परत चढवावी, साबणदाण्या आम्ही घेतच आलो आहो. ताईसाहेबांनी शर्त कबूल केली. विमान आहे, चाके आहेत, उभे न राहावयास काय झाले, ऐसा त्यांचा सवाल होता.

येथेच दगा होता. या घराण्याची एक चाल ऐसी की, कारखान्यात जेवढी टेबले तेवढी खोक्यांनी, रंगांच्या बाटल्यांनी आणि आत्याबाईंच्या चष्म्याच्या घरांनी व्यापलेली. आत्याबाई म्हणजे तीर्थरूपांची बहीण, खोकी भरण्याच्या खात्याच्या मुखत्यार. त्यांच्या टेबलावरची सुतळी हलवण्याची कोणाची छाती नव्हती. सबब जे जे नमुन्याचे विमान जोडावे, ते दोऱ्याने छताला टांगावे. डोके वर करून त्याची तारीफ करावी, पंख्याच्या वाऱ्यावर ते गिरक्या घेई तेव्हा मनी संतोष मानावा. याप्रमाणे छत विमानांनी भरले. परंतु एकही विमान एकदाही जमिनीवर चाकांवर टेकवून कोणी पाहिले नाही.

मग प्रदर्शनाच्या दिवशी कूच करून फौज मांडवात दाखल जाहली. टपाल तिकिटेवाले, आगगाडीवाले, गळ टाकून मासे धरणारे, सगळे सुभे आपापल्या जागी तैनात होते. ताईसाहेबांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली, कापसातून विमान काढले आणि दोन्ही हातांनी अलगद चाकांवर ठेवले. हात काढले. विमानाने क्षणभर विचार केला, नाक वर उचलले, आणि दमलेले माणूस बाकावर टेकते तैसे सावकाश शेपटीवर बसले.

ताईसाहेबांनी ते पुन्हा उभे केले. ते पुन्हा बसले.

"चादरीला उतार असेल," भाऊसाहेब बोलले.

चादर काढली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, विमान फिरवून ठेवले. ते चारी दिशांना तोंड करून चारी वेळा बसले. तेव्हा ताईसाहेबांच्या ध्यानी कारण आले आणि चेहरा उतरला. खऱ्या विमानात इंजिने लोखंडाची, नाकात माणसे आणि बंदुका. त्या वजनाने पुढचे चाक जमिनीला धरून राहते. येथे सगळेच पोकळ, आणि शेपटी लांब. आपणच काढलेल्या रेघा, आपणच मोजलेले कोन, आणि तराजूचा विचार तेवढा राहिला! त्यांच्या डोळ्यांपुढे साबणदाण्या दिसू लागल्या, गुलाबी आणि हिरव्या, रांगेने.

इतक्यात दुष्काळात तेरावा महिना यावा तैसे रिव्हेटमोजे आले. हे गृहस्थ भिंग घेऊन हिंडत, दरेक विमानाचे रिव्हेट मोजत आणि कमी भरले तर चारचौघांत सांगत. त्यांनी शेपटीवर बसलेले विमान न्याहाळले.

"नमस्कार करतंय का कोणाला?"

"विश्रांती घेतंय," ताईसाहेब म्हणाल्या.

"घेऊ द्या. व्यापारी जेवून उठले की इकडेच येणार आहेत." आणि पुढच्या टेबलाकडे न जाता ते तेथेच ठाण मांडून राहिले.

भाऊसाहेबांनी मसलत सांगितली की, चाके टेबलालाच चिकटवावी, कोणास कळते! ताईसाहेब नको नको म्हणेतो त्यांनी सोल्युशन लावलेदेखील. घाईत चादर पुन्हा अंथरली होती हे विसरले. रिव्हेटमोज्यांनी पंखाखालचे रिव्हेट पाहण्यास विमान उचलले, तो विमानासंगे चादर उठली, चादरीसंगे चहाचा पेला उठला आणि भाऊसाहेबांच्या विजारीवर येऊन शहीद जाहला.

आत्याबाईंनी एवढेच म्हटले, "आता विमान नको, तंबू म्हणून विका."

चादर कातरून विमान सोडविले. मग ताईसाहेबांनी भाऊसाहेबांस गप्प बसविले आणि मसलत आपल्या हाती घेतली. पुढे वजन पाहिजे, यात वाद नाही. परंतु नाक काचेचे. त्यात वजन भरावे तर रिव्हेटमोजे काचेला भिंग लावून उभेच. त्यांनी आगाऊ बजावलेही, "आत शिसं दिसलं तर मी सांगणार हां, ताई. विमानात बाँबफेक्या बसतो, बटाट्याचं पोतं नाही."

"मग इंजिनात," ताईसाहेब स्वतःशीच बोलल्या. "इंजिनांची तोंडं मागच्या दोन चाकांच्या पुढे आहेत. पोकळ आहेत, आणि झाकलेली."

मसलत नामी होती, परंतु इंजिने कायमची चिकटलेली. तोंडे कापल्यावाचून आत काही जाणार नाही. त्या तोंडांवर ताईसाहेबांनी घासूनपुसून आरशासारखा रंग चढविला होता. त्यांवर पाते धरताना त्यांचा हात अडला. एक रेघ वाकडी गेली तर दुसरे विमान जवळ नाही, ही एकच फौज. भाऊसाहेब म्हणाले, "मी कापू का?" हे ऐकताच ताईसाहेबांच्या हातास बळ आले.

वजन कोठून आणावे, हा दुसरा पेच. तो आत्याबाईंनी सोडविला. त्यांनी पदर खोचला आणि मासे धरणाऱ्यांच्या टेबलाकडे वकिलीस निघाल्या. तेथे एक थोराड मिशाळ गळवाले बसले होते आणि त्यांच्यापुढे गळाच्या दोरीस बांधायचे शिशाचे मणी वाटीत भरले होते, मसुराएवढे, वाटाण्याएवढे, बोराएवढे. आत्याबाईंनी मणी मागितले. गळवाल्यांनी एक अट घातली. त्यांच्या हातून एकदा एक मोठा मासा निसटला होता. त्याची हकीकत घरात कोणी ऐकत नाही, ती आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकावी आणि मध्ये हसू नये. तह जाहला. मासा हकीकतीत प्रथम हाताएवढा होता, मग काठीएवढा, मग होडीएवढा, आणि आत्याबाई दर टप्प्यास "अगंबाई!" म्हणत गेल्या. मासा होडी ओढून नेऊ लागला तेव्हा त्यांनी ओठ दाताखाली धरला, परंतु तह मोडला नाही. गळवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाटीच उचलून दिली.

इकडे ताईसाहेबांनी तोंडे कापली होती, रेघ सरळ गेली होती. मग मणी भरण्याचे काम सुरू जाहले. दोन्हीकडे थोडे घातले; विमान बसले. आणखी घातले, बसले, परंतु रेंगाळत. भाऊसाहेबांनी उत्साहाने मूठभर ओतले, तेव्हा विमान पुढे तर टेकले, परंतु चाकांचे प्लॅस्टिकचे पाय फाकू लागले, जैसे ताज्या तुपावर चालणाऱ्याचे.

"काढ! काढ आधी!" ताईसाहेब ओरडल्या. "पाय गेले तर सगळंच गेलं!"

मग एकेक मणी चिमट्याने काढीत, दर मण्यास श्वास रोखीत, ऐशा ठिकाणी आले की पायही सरळ आणि पुढचे चाकही जमिनीवर. तोंडे परत बसविली, सोल्युशन वाळण्यास फुंकर घातली, आणि फुंकर घालतानाच ठोक व्यापाऱ्यांची स्वारी येऊन दाखल जाहली.

व्यापाऱ्यांनी बोलण्यात वेळ दवडला नाही. विमान उचलले, चादरीची दुसरी चांगली बाजू पाहून तीवर ठेवले आणि हात मागे घेतला. ताईसाहेबांनी डोळे मिटले. आवाज काही आला नाही. डोळे उघडले तो विमान तीन चाकांवर उभे. व्यापारी भारी माणूस. त्यांनी एका बोटाने शेपटी खाली दाबून सोडली. नाक वर गेले, क्षणभर अधांतरी थबकले, आणि टक्क करून पुढचे चाक खाली आले.

"इंजिन जरा जड लागतं," व्यापारी म्हणाले.

"खऱ्याचंही जडच असतं," ताईसाहेब म्हणाल्या.

"पण गिऱ्हाईक हे वजन आणणार कुठून?"

भाऊसाहेब तोंड उघडणार, तो आत्याबाईंनी कोपर मारले. "दर खोक्यात एक पुडी. भरायची कुठे, किती, ते चित्र काढून देऊ. मणीवाले आपलेच आहेत."

व्यापाऱ्यांनी मान डोलविली आणि हुकूम केला: सगळा माल उचलला; खोक्यावर विमान चाकांवर उभे असल्याचे चित्र पाहिजे; साबणदाणी आता दुसऱ्याकडून घेऊ.

रिव्हेटमोज्यांनी भिंग काढून नाकाच्या काचेला लावले. आत खुर्ची, दांडा, घड्याळे. शिसे कोठे नाही. पंख मोजले, पोट मोजले, इंजिनाची तोंडे मोजली, आणि कापलेली रेघ शोधून सापडेना तेव्हा भिंग खिशात घातले.

"पुडीसकट दोन खोकी ठेवा माझ्यासाठी."

"दोन कशाला?" ताईसाहेबांनी विचारले.

"एक जोडायला. एक चुका काढायला."

ऐशा रीतीने बाँबफेकी विमान फत्ते पावून बाजारात दाखल जाहले, आणि त्याची पहिली दोन खोकी शत्रूने स्वखुशीने खरेदी केली, ही गोष्ट पक्की जाणावी.