दार्तोची सॉरी

दार्तोचा विषय निघाला की मी त्याच्या सॉरीचे किस्से सांगतो, लोक हसतात आणि मी विषय बदलतो. अशी बरीच वर्षं काढली. खरं सांगायचं होतं ते किस्स्यांच्या पुढे होतं आणि तिथपर्यंत मी कधी गेलोच नाही. आज जायचं ठरवलंय. पण सुरुवात सॉरीपासूनच करावी लागेल, कारण दार्तोची ओळख दुसऱ्या कशावरून करून देता येत नाही.

दार्तो दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागायचा. लिफ्ट अडकली, सॉरी. हॉलचा एसी बंद पडला, सॉरी. भारत क्रिकेटची मॅच हरला त्या दिवशी तो आमच्या प्रत्येकाजवळ जाऊन, मान वाकवून, सॉरी म्हणून आला. एकदा आमच्या घरी जेवताना आमटीत मीठ जास्त पडलं होतं. हिने जीभ चावायच्या आत दार्तो म्हणाला, "सॉरी, सॉरी, माझं."

'माझं' आणि 'तुझं' हे दोन मराठी शब्द त्याला आमच्याकडून मिळाले होते. डबल्समध्ये शटल दोघांच्या मधोमध आलं की ओरडावं लागतं, नाहीतर दोघंही बघत राहतात. आम्ही 'माझं!' म्हणून ओरडायचो आणि मग तरी बघत राहायचो. दार्तोला तो शब्द फार आवडला. त्याने तो खेळाबाहेरही वापरायला काढला. सांडलेला चहा माझं, चुकलेला रस्ता माझं.

तो इंडोनेशियाचा, जावा बेटावरचा. तरुणपणी त्यांच्या राष्ट्रीय कॅम्पमध्ये होता, डबल्सचा खेळाडू म्हणून. पुढे कोच होऊन देशोदेशी फिरत दोह्यात आला आणि अल दुहैलच्या एका शाळेत मुलांना बॅडमिंटन शिकवू लागला. त्याचा व्हिसाही शाळेचाच. त्याच शाळेचा हॉल आम्ही मराठी मंडळी शुक्रवारी सकाळी भाड्याने घ्यायचो. हॉल माझ्या नावावर होता, कारण मी वयाने मोठा, गॅस कंपनीत बऱ्या हुद्द्यावर. मी आमच्या बिन महमूद भागातून गाडी भरून माणसं न्यायचो. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला पाक म्हणतात, म्हणून मी त्याचा पाक सबनीस झालो.

हा माणूस कुठेही गेला तरी अर्धीच जागा घ्यायचा. आमच्या सोफ्यावर तो एकटा असला तरी डाव्या कडेला चिकटून बसायचा, उरलेला सोफा मोकळा. टेबलावर चहाचा कप ठेवताना आधी मध्यावर नजर टाकायचा आणि मग कप आपल्या बाजूला सरकवायचा. आमच्या ग्रुपमधला शिर्के, सांगोल्याकडचा क्रेन ऑपरेटर, म्हणायचा, "सायेब, ह्याच्या बायकूला पलंग लई मोठा मिळत आसंल." बायको कधीच सोडून गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. जावात एक मुलगी होती, तिचं शिक्षण ह्याच्या पगारावर चालायचं.

एके शुक्रवारी बाकीचे उशिरा येणार होते. मी म्हटलं, दार्तो, तोवर सिंगल्स खेळू. तो कसनुसा हसला. खेळायला उभा राहिला तो नेटजवळ. नेटवर त्याचा हात असा चालायचा की शटलला आपण कधी पडलो ते कळत नसे. पण मी उंच मारलं की ते मागे जाऊन पडायचं आणि दार्तो मागे वळून बघायचासुद्धा नाही. मी विचारलं, अरे, पळत का नाहीस? तो म्हणाला, "तिकडचं माझं नाही." राष्ट्रीय कॅम्पमधला खेळाडू असा सबनीसांकडून हरला. माझं पोट बघितलेल्या माणसाला हे पटणार नाही. पुढे कित्येक वर्षं मी हा विजय पार्ट्यांमधून सांगितला.

त्याच्या दोन खोडी तेवढ्या आम्हाला खटकायच्या. एक लवंगेची सिगरेट. तिकडे तंबाखूत लवंग घालतात. तो आमच्या बाल्कनीत उभा राहून ओढायला लागला की ही म्हणायची, "मसालेभात झाला वाटतं कुणाकडे." दुसरी खोड फोनची. फोन कायम खिशात, आवाज मोठ्यात मोठा. रॅली चालू असताना वाजला तरी रॅकेट टाकून पहिल्या रिंगला उचलायचा. बोलणं झालं की त्याचा चेहरा जरा उतरायचा, आणि परत येऊन म्हणायचा, "सॉरी, सॉरी."

कुणाची एवढी वाट बघतोस, ते हिने विचारलं. बायका विचारतात, आम्ही पुरुष पॉइंट मोजतो. आमच्या स्वयंपाकघरात, पुरणपोळीचा घास हातात धरून, त्याने सांगितलं ते असं.

त्याचा पार्टनर अगुस. लहानपणापासून दोघं एकत्र. अगुस मागून स्मॅश मारायचा, हा नेटवर. एका मोठ्या सामन्यात शेवटच्या पॉइंटला शटल बरोबर दोघांच्या मधे आलं. दोघांपैकी कुणीच ओरडलं नाही. शटल पडलं. कॅम्पमध्ये परतल्यावर कोचने दोघांना उभं करून विचारलं, कुणाचं होतं? अगुस खाली बघत राहिला. दार्तो म्हणाला, माझं. डबल्समध्ये असंच म्हणतात, पहिला म्हणेल तो चांगला पार्टनर. दार्तोला वाटलं आता अगुसही म्हणेल, नाही, माझंही होतं. अगुस काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात अगुसला दुसरा जोडीदार दिला. ती जोडी खूप जिंकली, भिंतींवर फोटो लागले. दार्तोला कॅम्पमध्ये ठेवलं ते त्या जोडीला सराव देण्यासाठी. म्हणजे नेटच्या पलीकडे उभं राहून तो रोज अगुसचे स्मॅश घ्यायचा.

"मग तो फोन करतो का कधी?" हिने विचारलं.

"करेल," दार्तो म्हणाला. "एकच वाक्य आहे. पण तो फार बिझी असतो." आणि हिच्याकडे बघून म्हणाला, "सॉरी, पोळी थंड झाली."

हे मला ठाऊक होतं. पुढे जे लिहितोय ते वाचताना वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. माझ्या डोक्यात आलं, आपली हत्यारं म्हणजे रॅकेट. हिच्या देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन, तिच्या माहेरचं, मी पेढ्यांच्या डब्यासोबत पिशवीत घातलं. शिर्के म्हणाला, "सायेब, हितं आत नगं. भाईर गाडीच्या डिकीत मांडू." मी म्हटलं, बाहेर वारा आहे, वात राहणार नाही. हॉलमध्ये आग पेटवायची नाही ही पाटी दारावरच होती. पण निरांजन म्हणजे काय आग असते का, असं मीच म्हणालो आणि सगळे हसले.

नेटच्या खांबाला रॅकेट टेकवून ठेवल्या, मुठींना हळदकुंकू लावलं. दार्तो बाजूला हात बांधून उभा होता. मग हळूच त्याने पिशवीतून एक जुनी लाकडी दांड्याची रॅकेट काढली आणि रांगेच्या डाव्या टोकाला ठेवली. शेजारी एका रॅकेटची जागा सोडून.

आरती झाली. पेढे वाटायला ताट हवं होतं, म्हणून मी निरांजन ताटातून उचलून रॅकेटपासून लांब, कोर्टाच्या मधोमध मॅटवर ठेवलं. विझवलं नाही. निरांजन फुंकायचं नसतं, ते आपोआप शांत होऊ द्यायचं, हे आईने शिकवलेलं. आम्ही पेढे खायला बाहेर पार्किंगमध्ये गेलो आणि मी माझ्या सिंगल्सच्या विजयाची गोष्ट पुन्हा एकदा रंगवून सांगितली.

दार्तो आधी आत गेला. आम्ही पोचलो तेव्हा जळक्या रबराचा वास सुटला होता आणि मॅटवर तळव्याएवढा काळा डाग होता, कोर्टाच्या बरोबर मधल्या रेषेवर. निरांजन कलंडलं असणार, पण ते कुठे दिसेना. तेवढ्यात वासाने शाळेचे मॅनेजर आले. शांत, उंच सुदानी गृहस्थ. त्यांनी डागाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कुणाचं?

हॉल माझ्या नावावर होता. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात काय काय आलं ते सांगतो. कंपनीला कळलं तर. निवृत्ती जवळ आली असताना. या देशात उघड पूजा केली हे कळलं तर सगळ्या ग्रुपचं काय. ग्रुपचा विचार केला, असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत होतो. तेव्हा मात्र मी खाली बघत होतो.

"माझं," दार्तो म्हणाला. मराठीतच. मग मॅनेजरना कळेल असं म्हणाला, "माय सिगरेट. सॉरी, सर."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. खेळात पार्टनरकडे बघतात तसं बघितलं, पुढचा फटका तुझा आहे म्हणून सांगताना.

मी काही बोललो नाही.

गाडीत शिर्के माझ्या शेजारी बसला होता. बोटांवरचं हळदकुंकू रुमालाने पुसत होता. मग म्हणाला, "सायेब, सिगरेटीनं येवढा डाग पडत न्हाई."

मी म्हणालो, "पडतो."

त्यानंतर शिर्के शुक्रवारी खेळायला आला नाही. ड्युटी बदलली म्हणाला.

मला वाटलं होतं, दार्तोला समज देतील, फार तर मॅट भरून मागतील. पण मुलांच्या शाळेत कोचने हॉलमध्ये सिगरेट ओढली, हे कुठल्याही शाळेत खपत नाही, आणि मॅनेजरचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी निर्णय घेतला. खलास. नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा. दुसरीकडे कुठे मुलांना शिकवायला कोण घेणार होतं.

विमानतळावर त्याला सोडायला मीच गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तो अर्थातच सीटच्या कडेला सरकून बसला होता. सामान उतरवल्यावर त्याने खिशातून टिश्यू पेपरची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. आत निरांजन होतं. घासून लख्ख केलेलं, कडेला मात्र थोडं काळं राहिलेलं.

"एवढं काळं निघालं नाही," तो म्हणाला. "सॉरी, पाक."

त्याने पुढे केलेल्या हातावर मी हात आपटला, पॉइंट झाल्यावर आपटतात तसा. तो आत गेला. काचेच्या दारातून दिसेनासा होईपर्यंत तो कडेकडेने चालत होता, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

हिने निरांजन बघितलं आणि सगळं ओळखलं. एवढंच म्हणाली, "त्याला फोन करा. तुम्ही बोललात की मी हे लावीन." ते निरांजन देव्हाऱ्यात कोरडंच आहे. ही दुसरं लावते.

आता मी मुलाकडे अल दुहैलला असतो. नात त्याच शाळेत आहे. परवा जेवताना ती म्हणाली, "आजोबा, डू यू नो, आमच्या हॉलमध्ये एक कोच स्मोक करायचा, ही बर्न्ट द होल कोर्ट." त्यांचे सर नव्या मुलांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतात म्हणे, कसं वागू नये म्हणून. मॅट केव्हाच बदलली, गोष्ट तशीच आहे. म्हणून हे लिहितोय. सिगरेट नव्हती. निरांजन होतं, मी ठेवलेलं. दार्तोने त्या हॉलमध्ये कधी सिगरेट काढलीसुद्धा नाही.

फोन मी केले नाहीत असं नाही. दर खंडेनवमीला ही फोन माझ्यासमोर आणून ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. दार्तो पहिल्या रिंगला उचलायचा. त्याच्या भाषेत घाईघाईने काहीतरी म्हणायचा, मग माझा आवाज ऐकून क्षणभर थांबायचा. त्या क्षणात त्याचा चेहरा मला दिसायचा. मग आनंदाने, "पाक सबनीस! सॉरी, सॉरी, मीच करणार होतो." त्याने सॉरी म्हटलं की माझं वाक्य कुठे जायचं कोण जाणे. मी हवा विचारायचो, मुलीचं विचारायचो. तिने शिक्षण मधेच सोडून दुकानात काम धरलं, हे असंच एकदा कळलं. त्यावरही तोच सॉरी म्हणाला.

या वर्षी मी ठरवलं, त्याला बोलूच द्यायचं नाही. तो उचलेल त्या क्षणी आपण म्हणायचं. त्याला कळावं म्हणून मराठीतच, त्याच्याच शब्दात. ही स्वयंपाकघरात न जाता तिथेच उभी राहिली, हातात निरांजन आणि नवी वात घेऊन.

फोन वाजला. एकदा वाजला, आणि वाजतच राहिला. दार्तोचा फोन एवढा वेळ वाजताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रिंग संपली, मी पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तोंडात वाक्य तयार होतं. दार्तो, सॉरी. ते माझं होतं.