लफ्फेदार खिळ्यांची नोटीस

सन १९६३च्या मार्च महिन्यात तासगावच्या भूमिसुविधा कचेरीच्या निदर्शनास असे आले की, कचेरीच्या नोटिसा कोणी वाचत नाही. या विषयावर तीन बैठका झाल्या. नोटीस न वाचण्याची कारणे विचारणारी एक नोटीस गावोगाव लावण्यात आली. तीही कोणी वाचली नाही.

त्याच सुमारास कचेरीचे प्रमुख हंबीरराव काटकर मिरजेला भाचीच्या लग्नास गेले आणि पत्रिका पाहून थक्क झाले. तेथील छापखान्याचे मालक नाथाजी यांनी मुंबईहून छपाईच्या अक्षरांचे शिशाचे नवे खिळे आणले होते, लफ्फेदार वळणाचे. प्रत्येक अक्षराची शेपटी द्राक्षवेलीच्या तणाव्यासारखी वळून पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडत होती. हंबीररावांनी तेथल्या तेथे निर्णय घेतला: यापुढे सर्व नोटिसा याच खिळ्यांत.

"साहेब, हे खिळे लग्नाचे हायत," नाथाजी म्हणाले. "पत्रिका कोण वाचतंय? तारीख तोंडीच सांगून येत्यात. वाचायचं असंल तर साधे खिळे घ्या."

"नाथाजी, जनतेला सौंदर्यापासून वंचित ठेवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?"

असा अधिकार नाथाजींपाशी नव्हता. पत्रिकेच्या माथ्यावरचा गणपतीचा ठसा निधर्मी राज्यात बसत नसल्याने काढण्यात आला. कोणत्याच धर्मास बाधा न आणणारे तोरण आणि केळीचे दोन खुंट तेवढे ठेवले. कागद पिवळा, शाई लाल.

पहिली नोटीस बोरगेवाडीच्या अंबूबाईंना निघाली. विहिरीसकट त्यांचे चौदा गुंठे कचेरीच्या विश्रामगृहासाठी घ्यायचे होते. हरकत असल्यास सोळा एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून द्यावी, अन्यथा संमती समजण्यात येईल, असा मजकूर होता.

ती विहीर अंबूबाईंनी नवऱ्यामागे स्वतः उन्हात उभ्या राहून खोदून घेतली होती. दोन्ही लेक पलटणीत. घरी त्या आणि ती विहीर. चौथीपर्यंत शिकलेल्या, पोथी घडाघडा वाचणाऱ्या अंबूबाईंनी कागद हाती धरून तीनदा चष्मा पुसला. आकडे तेवढे उमगले. पण "वाचता येत नाही" हे शब्द कचेरीच्या शिपायासमोर उच्चारणे त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हते.

"कुनाकडचं रं, आकाराम?"

"साहेबाकडचं," शिपाई म्हणाला. त्यालाही तेवढेच ठाऊक होते.

शाळेतल्या अर्जुना गुरुजींना बोलावणे गेले. त्यांनी कागद हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला. "काय अक्षर आहे! असं वळण आता राहिलं नाही."

"मजकूर काय म्हनतोय, गुरुजी?"

"मजकूरही वळणदारच आहे."

तोरण होते, केळी होत्या, सकाळी अकराची वेळ होती. साहेबांच्या लेकीचे लग्न, यात शंका घेण्याजोगे काही उरले नाही. अंबूबाईंनी कागदाला हळदकुंकू लावले आणि रीतीप्रमाणे तो देवापुढे ठेवला.

सोळा तारखेला इरकली लुगडे नेसून, ओटी भरायला शेजारच्या भामाबाईला घेऊन त्या कचेरीत हजर झाल्या. हंबीररावांना गहिवरून आले. नोटीस पाहून कोणी वेळेवर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी शेरा लिहिला: 'हरकतदार समक्ष हजर. हरकतीऐवजी खण-नारळ सादर. सबब संमती, तीही सहर्ष.'

"नवरी कुठं हाय?" अंबूबाईंनी विचारले.

"नवरी नाही, बाई. तुमची विहीर आहे." आणि त्यांनी नोटिशीचा अर्थ सांगितला.

"आवं, मग हरकत हाय माजी! एक न्हाई, शंभर हायत!"

"तोंडी चालत नाही. नोटीस ज्या खिळ्यांत, हरकतही त्याच खिळ्यांत हवी. पत्रव्यवहारात एकसूत्रता नको? पाचपर्यंत मुदत आहे."

"आन् ह्या ओटीच्या तांदळाचं काय करू?" भामाबाईने विचारले. त्याबद्दल नियम नव्हता.

एसटीने दोघी मिरजेला पोहोचल्या. नाथाजींनी खिळ्यांची पेटी उघडून दाखवली. "बाई, 'ह' एक बी शिल्लक न्हाई. हुकूम, हद्द, हजर. समदे कचेरीच्या मजकुरात अडकल्यात. साहेबांच्या सहीबिगर तो जुळवलेला मजकूर मोडून खिळे सोडवता येत न्हाईत."

"मग काय शिल्लक हाय?"

"'संमती' पायजे तेवढी जुळंल. 'आभारी'चे खिळे तर अजून पुडीतनं सोडलं न्हाईत."

अंबूबाईंनी नाथाजींचाच टाक ओढून घेतला आणि कोऱ्या कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'विहीर माझी आहे. देणार नाही.' तासगावला परतून, पाच वाजायला पाच मिनिटे असताना तो कागद त्यांनी हंबीररावांच्या टेबलावर आपटला.

हंबीररावांनी तो एका दृष्टीत वाचला, आणि तेवढ्यानेच कागदातला दोष त्यांच्या ध्यानात आला.

"बाई, हे कोणालाही वाचता येईल. दप्तरात शोभणार नाही."

"न शोभू दे. तुमाला कळलं न्हवं?"

"कळलं. पण कळण्याची तरतूद नाही."

पुढच्या वर्षी विश्रामगृह उभे राहिले. उद्घाटनाची पत्रिका पाहून तालुक्यातली सगळी शिकलेली मंडळी आली. वाचकहो, आपणही होतात. जेवण झाल्यावर दुसरा तांब्या रिकामा करून आपणच म्हणालात, "पाणी काय गोड आहे हो इथलं!" इतक्यात फाटकापाशी घागर घेतलेली एक म्हातारी शिपायाशी हुज्जत घालू लागली. गोंगाटाने आपली सुपारी बेचव झाली. आपण मान वळवून शिपायाला एवढेच विचारलेत, "त्यांच्याकडे पत्रिका आहे का?"