फरशी सुकायला किती वेळ लागतो

नाना देवरे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरले की आधी चपला काढतात. मग फरशी पुसायचा रोबो चालवून दाखवायला सांगतात, आणि ते चपटं गोल यंत्र पुसत पुढे सरकलं की त्याच्या मागे, ओल्या पट्ट्यावरून, अनवाणी चालतात. चार पावलांवर थांबतात, वाकतात, पालथा हात फरशीला टेकवतात आणि दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तसेच राहतात. वय एकाहत्तर. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला लागतात. अशा वेळी नानांच्या चपला हातात धरून जो माणूस दाराशी उभा असतो, तो मी.

मी नानांचा शेजारी. जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या दोन घरांना एकच भिंत आहे, त्यामुळे नानांचा संताप मला रोज सकाळी पेपरच्या आधी पोचतो. नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात दुकानोदुकानी काटे तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. दुधवाल्याचं माप, नळाला पाणी यायची वेळ, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, यांतलं काहीही त्यांच्या हाताखालून चूक निघाल्याशिवाय गेलेलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तर माझ्या फळ्यावरच्या वर्तुळाबद्दलसुद्धा त्यांचं मत आहे.

एरवी ते कचेरीतलं शुद्ध मराठी बोलतात. रागावले की सोनगीरकडची अहिराणी सुरू होते. "ह्याले काही अर्थ शे का?" हे त्यांचं दिवसातून किमान दहा वेळा येणारं वाक्य. आणि समोरच्याची चूक सांगून झाली की बोट रोखून म्हणतात, "नोंद घ्या." ती कुठे घ्यायची हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या वर्षी अक्का पडल्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. दुपारी नानांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताना ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. पुण्याहून त्यांची मुलगी मीनल धावत आली. फरशी संगीताने ओली ठेवली असणार, असं ठरलं. संगीता बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला होती. मीनलने तिला हॉस्पिटलमधूनच फोन करून सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

त्यानंतर आलेली एकही बाई टिकली नाही. एक तर पहिल्याच दिवशी गेली. तिने पिळलेलं फडकं नानांनी पुन्हा पिळलं आणि निघालेलं पाणी वाटीत धरून तिला दाखवलं. शेवटी मीनल फोनवर म्हणाली, बाबा, रोबो घ्या, तो सोडून जाणार नाही. तिने पाच-सहा यंत्रांची नावं पाठवली. नानांनी ती माझ्याकडून छापून घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, ज्याला माल विकायचा आहे त्याच्या शब्दावर मी आयुष्यात एक किलोचं वजनसुद्धा पास केलेलं नाही.

मग आमची जळगावातली वणवण सुरू झाली. नानांच्या खिशात तीन पुड्या असत. एकीत शेंगांची फोलपटं, दुसरीत तुरीचा कोंडा, तिसरीत सरकीला चिकटलेला कापूस. नाना त्या चकचकीत शोरूममध्ये उधळत आणि म्हणत, आता चालवा. सेल्समन बिचारे झाडू आणायला धावत. यंत्राने कचरा उचलला तरी नाना खूश नसत, कारण त्यांचं खरं लक्ष नंतरच्या ओल्या पट्ट्याकडे असे. ते अनवाणी चालत, हात टेकवत, घड्याळ बघत आणि डोकं हलवत. तिसऱ्या दुकानातल्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, यांच्या घरचे कोणी आहेत का? मी म्हणालो, मीच आहे असं समजा. त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुन्हा यांच्याबरोबर यायचं नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बसने धुळ्याला निघालो होतो.

धुळ्याला जायचं कारण, तिथे आपल्याला फसवायची कोणाची हिंमत नाही असं नानांचं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. आग्रा रोडवरच्या त्या दुकानाचे म्हातारे सेठ पूर्वी धान्याचे व्यापारी होते आणि नानांनी त्यांचा काटा एकदा जप्त केला होता. आता मुलाने तिथे टीव्ही-फ्रिज मांडले होते. नानांना दारात बघताच सेठ गल्ल्यावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आता आम्ही काहीच तोलून विकत नाही."

सेठच्या मुलाने दुकानातलं सगळ्यांत भारी यंत्र काढलं. ते स्वतःची फडकी स्वतः गरम पाण्याने धुतं, गालिचा दिसला की फडकी उचलून घेतं, पलंगाखाली जातं. फोलपटं, कोंडा, कापूस सगळं त्याने एका फेरीत गिळलं. मी मनात देवाचे आभार मानले. नानांनी चपला काढल्या, पट्ट्यावर उभे राहिले, हात टेकवला.

"चार मिनिटं," ते उठत म्हणाले. "हे पुसतं का सडा टाकतं? ह्याले काही अर्थ शे का?"

मग त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक जुनं, साधं यंत्र मागितलं. त्याला पाणी कमी-जास्त करायची सोय होती. सगळ्यांत कमी पाण्यावर ते चाललं. कोपऱ्यातली फोलपटं त्याने तशीच सोडली, कापसाचा बोळा पुढे ढकलत नेला. पण फरशी सव्वा मिनिटात सुकली. नाना म्हणाले, हेच. सेठच्या मुलाला राहवलं नाही. तो म्हणाला, काका, हे नीट साफ करत नाही. नाना म्हणाले, "कचरा मी उचलीन." गावभर दुसऱ्यांच्या चुका काढत फिरणाऱ्या माणसाने सदोष माल डोळे उघडे ठेवून घेतला, याचा मला तेव्हा फक्त राग आला. दुसरा काही विचार सुचला नाही.

घरी आल्यावर माझे हाल सुरू झाले. नानांचा फोन बटणांचा, म्हणून यंत्राचं ॲप माझ्या फोनवर. मी आठवीच्या वर्गात छायाप्रकाश समजावत असायचो आणि खिशातून निरोप यायचा की टाकी रिकामी झाली आहे, चाक पडद्यात अडकलं आहे. यंत्र हिंदीत बोलायचं. उंबरठ्यावर अडकलं की बाईच्या आवाजात म्हणायचं, कृपया मुझे समतल जगह पर रखें. नाना त्याच्यापुढे उभे राहून विचारत, मेहरूणमध्ये राहून तुला मराठी येत नाही का? मग वाकून उचलत आणि समतल जागेवर ठेवत. कंपनीला त्यांनी चार पत्रं लिहिली. ती पाकिटात घालून पाठवली, कारण ईमेलची पोच देणारा माणूस त्यांना दिसत नाही.

ॲपमध्ये घराचा नकाशा होता. अक्कांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा लांब पट्टा नानांनी मला वेगळा आखायला लावला होता. तिथे पाणी पूर्ण बंद. यंत्र तिथून कोरडं फिरायचं, आणि ते गेल्यावर नाना गुडघ्यांवर बसून तोच पट्टा पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायचे.

आणि त्या पट्ट्यावरून कोणी चालतच नव्हतं. डॉक्टरांनी अक्कांना चालायला सांगून चार महिने झाले होते. वॉकर आणला होता, त्यावर टॉवेल वाळत असायचा. अक्का खोलीच्या दारापर्यंत येत, बाहेरच्या फरशीकडे बघत आणि माघारी फिरत. नाना रोज सांगत, फरशी कोरडी आहे. अक्का म्हणत, उद्या बघू.

एका दुपारी आम्ही दोघं घराबाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. नाना फरशी बनवणाऱ्या कारखान्याला शिव्या देत होते, मग बिल्डरला, मग हॉस्पिटलच्या लिफ्टला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, नाना, या सगळ्यांचं सोडा, त्या संगीताने जरा काळजी घेतली असती तर ही वेळच आली नसती.

नानांनी माझ्याकडे बोट रोखलं. मग म्हणाले, "संगीताचं नाव घेऊ नका. ती फरशी मी पुसली होती."

मला आधी कळलंच नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत सांगत गेले. त्या दिवशी सकाळी संगीता काम करून गेली होती. दुपारी नानांना स्वयंपाकघराच्या दाराशी एक डाग दिसला. फरशी कशी पुसायची असते ते घराला दाखवून द्यावं म्हणून त्यांनी स्वतः बादली घेतली. फडकं पिळलं नाही. पुसून झाल्यावर जेवायला बसले आणि अक्कांना हाक मारली की ताट आणा, किती उशीर.

"मीनलने संगीताला फोन केला, तेव्हा मी तिथेच उभा होतो," नाना म्हणाले. "सर, मी तिथेच उभा होतो."

मला त्यांची दया यायला हवी होती, पण राग आला, आणि तो मी लपवला नाही. मी विचारलं, आणि ह्या आठ महिन्यांत तुम्ही मला, दुधवाल्याला, कंपनीला काय काय ऐकवलंत? अक्कांना माहीत आहे का हे? नाना म्हणाले, पोछा कोणी मारला ते तिला माहीत आहे, ती कधी बोलली नाही. पण संगीताला काढलं ते तिला माहीत नाही. ती शुद्धीवर नव्हती. घरी आल्यावर तिला सांगितलं की संगीताने काम सोडलं.

मी स्कूटर काढली. नाना काही न विचारता मागे बसले.

संगीता तलावाकडच्या एका गल्लीत राहते. दारात मेथी निवडत बसली होती. नानांना बघून उठली नाही. नाना उभ्यानेच, तपासणीचा अहवाल वाचावा तसं, सगळं सांगून मोकळे झाले. चूक माझी होती, तुझी नव्हती, असं शेवटी दोनदा म्हणाले.

संगीता मेथी निवडतच राहिली. मग म्हणाली, "नाना, मी फरशी आठ वाजता पुसेल होती. अक्का पडल्या बारा वाजता. चार तास कोणती फरशी ओली राहते? तुम्ही बठ्ठ्यांचं, साऱ्या गावाचं तपासलं, एवढं एक नाही तपासलं."

मग संगीताने सांगितलं की ती हॉस्पिटलच्या दारापर्यंत आली होती, मीनलताईने वर येऊ दिलं नाही. मग नानांच्या गल्लीत चर्चा झाली, आणखी दोन घरांनी तिला बोलावणं बंद केलं. "मीनलताईला फोन लावा," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगा."

मी फोन लावला. नानांनी सांगितलं. पलीकडून मीनल म्हणाली, बाबा, तिला द्या फोन. संगीता आत जाऊन बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, पण आवाज तसाच कडक होता. तुमच्याकडे कामाला येणार नाही, म्हणाली, आता माझी कामाची दुसरी घरं ठरलेली आहेत. अक्कांना भेटायला मात्र येईन.

ती रविवारी सकाळी आली. नाना अक्कांच्या पलंगाशी उभे राहिले आणि संगीतासमोरच त्यांनी अक्कांना सांगितलं की हिने काम सोडलं नव्हतं, आम्ही काढलं होतं. मला आठवतं, ते 'मीनलने' म्हणाले नाहीत.

अक्कांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. संगीताचा हात धरून म्हणाल्या, "माले वाटनं, तू माले इसरी गई."

"तुम्हाला कशी विसरेन अक्का," संगीता म्हणाली.

मग अक्का तिला म्हणाल्या, चहा घेशील ना. संगीता म्हणाली, मी ठेवते. अक्का म्हणाल्या, पाहुणी आहेस तू आता, मी ठेवते. आणि त्या उठल्या. वॉकरवरचा टॉवेल कोणी काढला नाही. संगीताच्या खांद्यावर हात ठेवून अक्का दाराशी आल्या, क्षणभर थांबल्या आणि बाहेरच्या फरशीवर पाऊल टाकलं. संगीता काही बोलत होती, बहुतेक तिच्या मुलीच्या लग्नाचं, आणि अक्का ते ऐकण्यात गुंतल्या होत्या. स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्यांना खूप वेळ लागला. नाना भिंतीला पाठ लावून उभे होते. पुढे झाले नाहीत.

चहा आला. आठ महिन्यांनी गॅसपाशी उभ्या राहिलेल्या अक्कांनी त्यात साखर दोनदा घातली होती. मला एक घोट घेऊन कप खाली ठेवावा लागला. संगीताने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. आम्ही दोघं नानांकडे बघत राहिलो.

नानांनी सगळा चहा प्यायला. बशीतला सांडलेलाही प्यायला. मग कप अक्कांपुढे धरून म्हणाले, असेल तर अर्धा कप अजून द्या.